'अरे, जोक होता तो'

मागच्या महिन्यात या पानावर एका वाचकाने ऑफिसमधल्या जातीवरून मारल्या जाणाऱ्या टोमण्यांबद्दल विचारलं होतं. त्याला उत्तर देता देता मी एक वाक्य टाकलं, की मुसलमानांवरचे जोक तर आपल्याला टोमणे वाटतच नाहीत. झालं! त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की मूळ प्रश्न बिचारा बाजूलाच राहिला. सगळी छापायला जागा नाही, सहा निवडलीत, आणि नावं कोणाचीच देत नाहीये, दोघांनी "बिनधास्त द्या" म्हटलंय तरी.

तो पण हसायचा हो आमच्याबरोबर

ताई, आमचा दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, १९९४ची बॅच, ठाण्यातलीच शाळा, बेचाळीस जण. त्यात एकच मुसलमान, राबोडीचा, माझ्याच बाकावर बसायचा, मराठीत आमच्या सगळ्यांपेक्षा मार्क जास्त. ग्रुप दहा वर्षं चालू आहे. सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी राजकारण, रात्री जोक. जोकमध्ये कोणालाच सोडत नाही आम्ही, बायको, सरदार, पुणेकर आणि अब्दुल. तो कधी काही बोलला नाही, उलट हसायचे इमोजी टाकायचा. परवा कोणीतरी अब्दुलचा पंक्चरवाला जोक टाकला, मी त्यावर अजून एक जोडला, आणि दहा मिनिटांनी ती बारीक राखाडी ओळ आली, अमुक लेफ्ट. फोन उचलत नाही. बाकीचे म्हणतात एवढं काय सेन्सिटिव्ह व्हायचं, आपण काय त्याला बोललो का. मलाही तसंच वाटतं, पण दोन रात्री नीट झोप नाही. साध्या जोकने कोणाचं काय वाकडं होतं हो?
– एक वाचक, कासारवडवली

आधी एक हिशोब करा. दहा वर्षं ग्रुप चालू आहे म्हणताय, आठवड्याला दोन अब्दुल धरा, म्हणजे हजार झाले. तुमचा मित्र परवाच्या एका जोकवरून नाही गेला, तो हजाराव्या जोकला गेला, आणि नऊशे नव्व्याण्णव वेळा त्याने तुमची मैत्री सांभाळली. इमोजीचं म्हणाल तर एक्केचाळीस जण हसत असताना बेचाळिसावा दुसरं काय करणार? शाळेत मास्तर आपल्यावरच कोटी करायचे तेव्हा आपण पण हसायचोच की वर्गाबरोबर.

आता वाकडं काय होतं ते. माझंच सांगते, कारण यात मी काही तुमच्यापेक्षा शहाणी नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला, मी तेव्हा कमिटीत होते. मीटिंगला चहा आणि खारी, अजेंड्यावर टाकीची सफाई, लिफ्टचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आणि शेवटी 'इतर विषय'. फ्लॅटवाले काका म्हणाले पार्टी चांगली आहे, नवरा-बायको दोघं डॉक्टर, भिवंडीचे, आणि आडनाव सांगितलं. एक क्षण कोणीच काही बोललं नाही. मग आमच्या खजिनदारांनी विचारलं, "मग बकरी ईदला लिफ्टमध्ये बकऱ्याला एक माणूस धरायचं का दोन?" सगळे फुटले. मी पण, खारीचा तुकडा तोंडात होता, ठसका लागला मला हसताना. काका पण कसनुसे हसले आणि म्हणाले, बघतो मग दुसरी पार्टी. "चला, पुढच्या महिन्यात भेटू" म्हणून मीटिंग संपली. मिनिट्समध्ये यातलं अक्षर नाही, कारण लिहिणार काय, "नको" असं कोणी म्हटलंच नव्हतं. नको म्हणायचं काम जोकने केलं.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहे १९६०चा, त्याच्या २३व्या कलमात लिहिलंय की पात्र माणसाला सबळ कारणाशिवाय सभासद करून घ्यायला नकार देता येत नाही. आमच्यातला कोणी तोंडाने बोलला असता की मुसलमान नको, तर निदान रजिस्ट्रारकडे तक्रार तरी करता आली असती त्या डॉक्टरांना. बकऱ्याच्या जोकची तक्रार कुठे करायची? त्यांना तर कळलंही नसेल.

हे फक्त माझ्या सोसायटीत घडतं असं नाही. थॉमस फोर्ड म्हणून अमेरिकेतले एक मानसशास्त्रज्ञ आहेत, ते कितीतरी वर्षं हाच अभ्यास करतायत, की कोणाला तरी कमी लेखणारा विनोद ऐकला की माणसं पुढे वागतात कशी. त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण ते तुम्हाला लगेच व्हिलन ठरवत नाही. ते म्हणतात, जोक ऐकून चांगल्या माणसाच्या मनात एकदम द्वेष तयार वगैरे होत नाही, पण ज्याच्या मनात आधीच अढी आहे त्याला वाटतं, अच्छा, इथे हे चालतं तर. त्यांनी प्रयोग केले. मुसलमानांवरचे जोक वाचल्यावर अढी असलेली माणसं मुसलमानांशी भेदभाव करायला जास्त तयार झाली, आणि दहशतवाद्यांवरचे जोक वाचून मात्र तसा काही फरक पडला नाही. म्हणजे बघा, दहशतवाद्याला शिव्या घालायला कोणाची परवानगी लागत नाही, ते उघडच चालतं. शेजारच्या मुसलमानाबद्दल मात्र आपण चारचौघात जरा आवरून बोलतो, बरं दिसत नाही म्हणून, आणि तेवढं आवरणं जोक काढून घेतो. तुम्ही टाकलेला जोक तुम्हाला गंमत म्हणून सुचला असेल, कबूल. पण त्या एक्केचाळीस जणांत घर भाड्याने देणारा कोणी असेल, कोणी एचआरमध्ये असेल, कोणी पोलिसात असेल. ते काय समजून हसले ते तुम्हाला माहीत नाही.

"पुणेकरांवर पण हसतो की आम्ही" हे तर प्रत्येक दुसऱ्या पत्रात आहे. हसा ना. पण दुपारी एक ते चार झोपतो म्हणून पुणेकराला घोडबंदरला फ्लॅट नाकारल्याचं मी अजून ऐकलं नाही.

आणि पंक्चर. २००६ साली मुसलमानांची परिस्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीचा रिपोर्ट आला तेव्हा देशात मुसलमान १३.४ टक्के होते आणि आयएएसमध्ये ३ टक्के. काम करणाऱ्या मुसलमानांतले ६१ टक्के स्वतःचा काहीतरी धंदा करून खाणारे, हिंदूंमध्ये तेच ५५. याला कारणं बरीच आहेत, शिक्षणापासून सगळी, पण पक्की नोकरी हाताला लागत नाही म्हणून माणूस टपरी टाकणार आणि टपरी टाकली म्हणून आपण त्याच्यावर जोक करणार, हे जरा जास्तच होतं. रात्री साडेअकराला गायमुखच्या चढावर टायर बसला की हाच अब्दुल देवासारखा वाटतो, तेव्हा नाही कोणाला जोक आठवत.

आता करायचं काय, तर फोन करू नका. राबोडीत जा, घर माहीत असेलच, शाळेत असताना ईदला शिरखुर्मा खाल्ला असेल तिथे. "तू मनावर घेतलंस का" असं अजिबात विचारू नका, त्याचा अर्थ चूक त्याची असा होतो. "मी जोडलेला जोक घाणेरडा होता" एवढं म्हणा आणि बसा. आणि हेच वाक्य ग्रुपवर पण टाका, त्याचं नाव न घेता. घरी जाऊन सॉरी आणि ग्रुपवर गपचूप, असलं करणार असाल तर जाऊच नका. तो परत ग्रुपवर येईल का? नाही आला तर नाही आला, ते त्याच्यावर सोडा.

मला जेल होईल का?

मॅडम, मी खारघरला आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. मेंबर २८०. एक रिटायर्ड गृहस्थ रोज सकाळी मुसलमानांवर एक तरी जोक टाकतात, पंधरा-वीस जण अंगठे देतात. आमच्याकडे चार मुस्लिम कुटुंबं आहेत. उद्या केस झाली तर ॲडमिन म्हणून मला जेल होईल का?
– एक ॲडमिन, खारघर

नुसतं ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्येच सांगितलंय की मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही, तुमचा दोघांचा मिळून तसा बेत होता असं दाखवावं लागतं. टाकणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो, आधी भारतीय दंड संहितेची १५३-अ आणि २९५-अ कलमं होती, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेची १९६ आणि २९९, पण प्रत्येक फालतू जोक त्यात बसत नाही आणि बसू पण नये. सरदारजींवरच्या जोकवर बंदी घाला म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले होते, तेव्हा २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं की लोकांनी कसं वागावं याचे नियम आम्ही नाही घालून देऊ शकत. त्यामुळे पोलीस, कोर्ट हे सगळं विसरा.

२०२० आठवा त्यापेक्षा. मार्च-एप्रिलमध्ये कोरोना पसरवला म्हणून तबलीगींवर, म्हणजे दिल्लीला मुसलमानांच्या धार्मिक मेळाव्याला जमलेल्यांवर, झालेले जोक आपण सगळ्यांनी बघितलेत, थुंकण्याचे, फळं चाटण्याचे, काय काय. पंधरा दिवसांत आमच्या गल्लीत भाजीवाल्याला नाव विचारून मग गाडी आत सोडायला लागले, वॉचमनला तशी ऑर्डर कोणी दिली हे आजपर्यंत कोणी कबूल केलेलं नाही. ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्या तबलीगला आलेल्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं. तोपर्यंत भाजीवाल्याचा सीझन गेला होता.

तुमच्या हातात डिलीटचं बटण आहे, ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी उडवता येतो. ग्रुप पाणी, पार्किंग आणि लिफ्टचा आहे असं एकदा लिहा आणि त्यापुढे जोक कशावरचा आहे हे न बघता उडवत जा, बायकोवरचे पण. काकांना वाईट वाटेल. त्यांना गच्चीवर सकाळी गाठून चहा पाजा.

मुलंच आहेत ती

ताई, मी ऐरोलीत सातवीला शिकवते. वर्गात एक मुस्लिम मुलगा आहे, हुशार, बुजरा. तो दप्तर बाकावर ठेवायला लागला की मागच्या रांगेतून दोन-तीन जण 'टिक टिक टिक' असा आवाज काढतात आणि मग सगळा वर्ग हसतो. तो पण हसतो. मुख्याध्यापकांना सांगितलं तर म्हणाले, मुलंच आहेत ती, दुसऱ्याला ढोल्या म्हणतात, याला बॉम्ब म्हणतात, मोठी झाली की विसरतील. मी जास्त करतेय का?
– एक शिक्षिका, ऐरोली

नाही हो. ढोल्या म्हणणं पण वाईटच, पण ढोल्या म्हटलं की ते त्या पोराच्या एकट्याच्या पोटावर थांबतं. टिक टिक केलं की त्याचा बाप, आजोबा, मावशी, गल्ली, सगळी त्या दप्तरात येऊन बसतात.

तुमचं पत्र वाचताना मला लोकलमधली एक बाई आठवली. ठाण्याहून सकाळची स्लो, लेडीज सेकंड क्लास, मुलुंडच्या पुढे एक बाई चढायची, बुरखा, खांद्याला ती पारदर्शक प्लास्टिकची कप्प्याकप्प्यांची पेटी, क्लिपा, टिकल्या, सेफ्टी पिना, कानातले. सगळ्या ओळखायचो तिला, मी स्वतः तिच्याकडून दहा-वीस वेळा टिकल्यांची पाकिटं घेतलीयेत. एक दिवस खचाखच गर्दी, तिची पेटी कोणाच्या तरी गुडघ्याला लागली, आणि ती मुलगी हसत म्हणाली, "भाभी, जपून, फुटेल बिटेल तुमची पेटी." सगळ्या खिदळल्या. ती पण हसली. आणि मग तिने काय करावं, तर पेटी मांडीवर घेतली, खटकन झाकण उघडलं आणि एक एक कप्पा वर उचलून दाखवला. कोणी मागितलं नव्हतं. पारदर्शक पेटी होती हो ती, बाहेरूनच सगळं दिसत होतं! भांडुपला उतरली. मी तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी टिकल्या जास्तीच्या घेतल्या, म्हणजे बघा काय अक्कल.

आपली भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. १२ मार्च १९९३ला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, ११ जुलै २००६ला संध्याकाळच्या गर्दीत लोकलचे डबे फुटले, त्या दिवशी घरचं माणूस परत येईपर्यंत दारात उभं राहिलेलं ठाणेकर विसरणार नाहीत. पण त्या मेलेल्यांमध्ये मुसलमान पण होते, आणि तुमच्या वर्गातल्या पोराचा जन्म तेव्हा झाला पण नव्हता.

आता वर्गातलं. सगळ्या वर्गाला बंधुभावावर लेक्चर देऊ नका प्लीज, त्यात बिचाऱ्याला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं, सगळे माना वळवून त्याच्याकडेच बघतात. टिक टिक करणाऱ्या दोघांना वेगवेगळं बोलवा आणि शांतपणे सांगा, बाळा, मला हा जोक कळला नाही, समजावून सांग. पुढे विचारत राहा. टिक टिक म्हणजे काय? घड्याळ. कसलं घड्याळ? त्याच्याच दप्तरात का, तुझ्या का नाही? पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावा, सातवीच्या मुलाला ते वाक्य स्वतःच्या तोंडाने पूर्ण करता येत नाही, मी माझ्या भाच्यावर हा प्रयोग केलाय, तो "कारण तो..." पर्यंत आला आणि गप्प बसला. कुठे ऐकलं हे पण विचारा, बहुतेक वेळा ते बाबांच्या फोनवर सापडतं, मग पालकसभेत विषय काढायचा का हे तुमचं तुम्ही ठरवा. आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातलं १७वं कलम ठेवा, मुलाला मारायचं नाही तसंच त्याचा मानसिक छळ होऊ द्यायचा नाही. कायदा दिसला की 'मुलंच आहेत ती' जरा कमी होतं.

व्हिसा लागतो का रे?

सलाम ताई. मी मुंब्र्यातल्या कौशाचा, गाव दापोलीकडे, घरात कोकणीच बोलतो. ऑफिस महापेला, टीम खरंच चांगली आहे, अडीअडचणीला धावून येणारी. पण ईद आली की "बिर्याणी कधी", लग्न ठरलं तर "पहिलंच ना, अजून तीन बाकी", आणि मुंब्र्याला कोणी यायचं म्हटलं की "व्हिसा लागतो का रे". हसतो मी. चिडलो तर म्हणतील, बघा, हे लोक लगेच भडकतात. गंमत म्हणजे घरी आम्ही आमच्या मौलवींवर, मामूंवर, कंजूष चाचावर भरपूर जोक मारतो, तेव्हा काही वाटत नाही. मग ऑफिसात का दुखतं? मीच पातळ कातडीचा झालोय का?
– एक वाचक, कौसा

तीन जोक तीन जातीचे आहेत, एकाच पिशवीत नका घालू. 'बिर्याणी कधी' हा जोकच नाही, ती भूक आहे, माझं नाव पण लिहून ठेवा.

तीन बाकी हा जुना, घासून गुळगुळीत झालेला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, नवऱ्याला आणखी बायको आहे असं सांगणाऱ्या मुसलमान बायका शंभरात १.९ आणि हिंदू बायका १.३. म्हणजे फरक आहे, पण त्यावर अख्खा जोक उभा राहावा एवढा नाही. आणि १९६१च्या जनगणनेच्या वेळी तर मुसलमानांत ५.७ टक्के होते आणि हिंदूंत ५.८! पण हे आकडे तुम्ही पेढ्यांबरोबर वाटत बसा असं नाही म्हणणार मी. ते वाचायचं काम टीमचं आहे.

व्हिसाचा मात्र मला खरंच राग आला. कौशात तुमच्यासारखी कोकणी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, वर डोंगरात मुंब्रा देवी आहे, आणि मुंब्रा एवढं फुगलं ते १९९२-९३ नंतर. मुंबईच्या त्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली, त्यातले ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू, आणि मग जीव मुठीत धरून किती कुटुंबं कळव्याच्या पुढे येऊन राहिली. त्यांना ठाण्यात, मुलुंडला घर द्यायला लोक तयार होते का? माझ्या खारीची गोष्ट वर आलीच आहे. आपणच एका बाजूला ढकलायचं आणि मग विचारायचं, एवढे सगळे एकाच ठिकाणी का राहतात रे, व्हिसा लागतो का.

घरी का दुखत नाही, तर घरी चाचा कंजूष आहे, पण त्याच चाचाने तुमची फी भरली होती हे ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. ऑफिसात तुमच्या चाचाबद्दल फक्त जोकच माहीत आहे. पातळ कातडी वगैरे काही नाही.

सगळ्यांना एकदम शिकवायला जाऊ नका, ती तुमची ड्युटी नाही. टीममधला जो सगळ्यात जवळचा आहे त्याला जेवणानंतर चक्कर मारताना सांगा, बाकी चालेल, व्हिसावालं नको, माझ्या घरच्यांनी ते भोगलंय. भोगलं नसेल तरी 'नको' पुरेसं आहे. पुढच्या वेळी कोणी मारला की तो बोलेल, तुम्ही फक्त हसू नका. चिडायचं पण नाही, समोसा खात राहायचं.

शहाणपण फक्त हिंदूंनाच का?

आमच्या देवांवर काही केलं तर ते कला, आणि त्यांच्यावर कार्टून काढलं तर पॅरिसमध्ये १२ माणसं मारतात. त्यांना विनोद झेपत नाही हा आमचा दोष का? तलाकवर, बुरख्यावर बोलायचंच नाही का? मागचं वाक्य मागे घ्या.
– एक नियमित वाचक (यापुढे असेन असं नाही), कोपरी

वाक्य नाही मागे घेत. बाकी बोलूया.

पॅरिसला ७ जानेवारी २०१५ला झालं तो खून होता आणि त्याला कुठलंही 'पण' लावायचं नाही. मात्र त्या खुनाचा हिशोब मुंब्र्याच्या रिक्षावाल्याकडे मागायचा नाही. झेपण्याचं म्हणाल तर १ जानेवारी २०२१ला मुनव्वर फारुकी या कॉमेडियनला हिंदू देवांवर जोक केल्याच्या आरोपावरून इंदूरमध्ये पकडलं, सुप्रीम कोर्टाने जामीन दिला तेव्हा ५ फेब्रुवारी उजाडला होता. तेव्हा कोणाला काय झेपलं नव्हतं?

तलाकवर बोलायचं का? जरूर बोला, आपल्या मराठीत बोलून ठेवलंय. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई, त्यांनी १८ एप्रिल १९६६ला मुंबईत सात मुसलमान बायकांना घेऊन कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधानभवनावर, मोर्चा नेला होता, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सात! आजूबाजूला किती लोक शिव्या घालत असतील विचार करा. पुढे २२ मार्च १९७०ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. धर्मावर त्यांनी सडकून टीका केली, आणि ती त्या बायकांच्या बाजूने उभं राहून केली. तुमच्या ग्रुपवरच्या जोकमध्ये ती बाई कुठे असते? एक तर चारातली एक, नाहीतर बुरख्यातला तंबू. असल्या जोकने एका तरी बाईचा तलाक थांबला असेल तर मला कळवा, पुढच्या अंकात तुमच्या नावासकट छापते.

आणि हो, मुसलमानांच्या ग्रुपवर हिंदूंवरचे घाणेरडे जोक फिरतात, मला माहितीये, एका वाचकाने स्क्रीनशॉट पण पाठवलेत. त्यांना पण हेच उत्तर. तुम्ही सदर वाचत राहिलात तर बरं वाटेल, भांडायला कोणीतरी हवं.

माझं बिट ठेवू का काढू?

हाय ताई, मी २१ वर्षांची, वाशीला राहते, स्टँडअप कॉमेडीचे ओपन माइक करते. माझ्या बेस्ट फ्रेंडच्या अम्मीवर तीन मिनिटांचं बिट आहे. अम्मी मच्छी मार्केटमध्ये पापलेटचा भाव करते, जमला नाही की एक राऊंड मारून बुरख्याचा नकाब खाली घेऊन परत त्याच कोळणीकडे येते, नवीन गिऱ्हाईक म्हणून, आणि परत पहिल्यापासून भाव सुरू करते. कोळीण दोन मिनिटं ऐकून घेते आणि म्हणते, "मघाशी पण तूच आलेलीस ना गो, चप्पल तीच हाय." लोक खूप हसतात. पण बुरखा आहे म्हणून आता टेन्शन आलंय. काढू का?
– एक वाचक, वाशी

अगं, अजिबात काढू नकोस! यात हुशार कोण आहे, अम्मी. तिच्यावर वरचढ कोण, कोळीण. बुरखा काय करतोय, तर पन्नास रुपये वाचवायचं काम. मी वाचताना मोठ्याने हसले आणि आमच्या संपादकांना फोन करून ऐकवलं.

फक्त एकदा अम्मीला समोर बसवून करून दाखव, स्टेजवर जायच्या आधी. त्या हसल्या तर ठेव, नाही हसल्या तर विचार कुठे चुकलं, बहुतेक भाव चुकला असेल. आणि ते पापलेट शेवटी कितीला मिळालं ते पण कळव, मला रविवारी जायचंय.